चौतीस नावांची वही

सोमवार, ८ जानेवारी

प्रिय ताईस,
प्रभूमध्ये सलाम.

तू म्हणतेस, मी फोनवर नुसतं 'बरं आहे, बरं आहे' करतो आणि खरं काय ते पत्रातच लिहितो. आज सलूनला सुट्टी आहे, तेव्हा खरं लिहितो. ताई, मी एक घोळ करून बसलोय.

काल चर्चमध्ये उपासना संपल्यावर पोस्टमनकाका उभे राहिले आणि म्हणाले की ते आता लेकीकडे राहायला चाललेत. मंडळीची प्रार्थनेची वही बावीस वर्षं त्यांच्याकडे आहे. कुणाचं दुखणं, कुणाची गेलेली नोकरी, कुणाच्या घरातला अबोला, जो जे सांगेल ते काका वहीत लिहून घेतात आणि रोज एकेक नाव घेऊन प्रार्थना करतात. पाळकसाहेबांनी विचारलं, "आता ही वही कोण सांभाळेल?" सगळे आपापल्या चपला बघायला लागले. मला शांतता सोसत नाही. दुकानात गिऱ्हाईक गप्प बसलं तरी मीच काहीतरी बोलायला लागतो. तसाच उठलो आणि म्हणालो, "मी घेतो."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता मागे कसा फिरू?

पाळकसाहेब समंजस आहेत. म्हणाले, "मार्चच्या पहिल्या रविवारी वही रीतसर मंडळीसमोर तुमच्या हाती देऊ. तोवर चालवून बघा. नाही जमलं तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही." कमीपणाचं एक वेळ सोड. पण बाहेर पडताना शिंपीणबाईंनी माझा हात धरला. त्यांचे यजमान दोन महिने अंथरुणाला खिळून आहेत. म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं नाव सातवं आहे हं. विसरू नका."

वहीत चौतीस नावं आहेत. आज पहाटे उठून गुडघे टेकले. चौथ्या नावाला आठवलं की केस कापायच्या मशीनला तेल द्यायचं राहिलंय. पाचव्याला तेल कुठे ठेवलंय ते आठवत बसलो. सहाव्याला काय झालं ते मला ठाऊक नाही, कारण तुझी भावजय मला हलवून उठवत होती. "अहो, देवाशी बोलताय की त्याला घोरून दाखवताय?"

सातव्या नावापर्यंत मी पोचलोच नाही.

आपल्या घरात प्रार्थना करणारी तू. मी तुझा नुसता भाऊ. कसं करतेस ते एकदा नीट लिहून कळव.

तुझा,
धाकटा


रविवार, १४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले आणि मग तुझा अभिमान वाटला. वही घेतलीस हे उत्तम केलंस. आता पलंगाला टेकून गुडघ्यावर बसणं बंद कर. पलंगाला टेकलं की माणूस झोपणारच, त्यात सैतानाचा काही हात नाही.

माझं वेळापत्रक खाली उतरवून देते. ते मी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलंय. पहाटे साडेपाच, सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, संध्याकाळी सहा आणि निजण्याआधी. दर वेळी गुडघे टेकून, पाठ ताठ, डोळे मिटलेले. घड्याळाला गजर लाव. गजर झाला की हातातलं काम जिथल्या तिथे ठेवायचं. देवाला थांबवून गिऱ्हाइकाला पुढे घ्यायचं नाही.

माझं ठीक चाललंय. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून जूनमध्ये सुटले, तेव्हापासून ही तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक खिडकी आणि वेळच वेळ. भांड्यांचा खणखणाट नाही, मुलींचा कलकलाट नाही. प्रार्थनेला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

प्रार्थना कशी चाललीय ते कळव. आणि दुकानात कोण येतं, काय बोलतं, तेही लिहीत जा. तेवढीच करमणूक.

तुझी,
ताई


सोमवार, २९ जानेवारी

प्रिय ताईस,
सलाम.

करमणूक हवी होती ना? मग ऐक.

तुझं वेळापत्रक आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलं आणि गजराचं घड्याळ पावडरच्या डब्याशेजारी ठेवलं. पहिले दोन दिवस बरे गेले, कारण बाराला आणि तीनला खुर्ची रिकामी होती. तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला खुर्चीत शाळेचे मुख्याध्यापक होते, गळ्यापर्यंत कापड, तोंडभर फेस. अर्धी दाढी झाली होती. गजर झाला. तू लिहिलं होतंस काम जिथल्या तिथे ठेवायचं, म्हणून वस्तरा ठेवला, "आलोच" म्हणालो आणि पडद्यामागे जाऊन गुडघे टेकले.

मी आपला पाचव्या नावावर. बाहेरून मुख्याध्यापकांचा आवाज, "अहो, फेस वाळला!"

बाहेर आलो तेव्हा खुर्ची रिकामी. एक गाल गुळगुळीत आणि एक पांढरा, अशा अवस्थेत ते रस्ता ओलांडून गेले होते. पलीकडे शाळा आहे. मधल्या सुट्टीची वेळ.

माझा भागीदार शेजारच्या खुर्चीवर काम करत होता. तो सगळ्यांना 'भाऊ'च म्हणतो, चिडला तरी. "भाऊ, पोरांसमोर त्यांचं काय राहिलं आता?"

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. माणूस मोठा. परत आले. पण या वेळी म्हणाले, "आज खुर्ची सोडायची नाही." तीनचा गजर झाला. खुर्ची सोडायची नव्हती, म्हटलं, निदान 'आमेन' म्हणताना तरी डोळे मिटू. नुसतं एवढंच. ताई, 'आमेन' हा फार लहान शब्द आहे, पण तेवढ्यात कान कापला जातो. थोडासाच, पाळीला. रक्त मात्र कानाच्या मानाने पुष्कळ आलं.

भागीदाराने तुरटी लावली, कापूस धरला, आणि मुख्याध्यापक गेल्यावर घड्याळ उचलून कपाटात टाकलं. "भाऊ, तुमच्या देवाला उघड्या डोळ्यांनी भेटता येत नाही का? नसेल तर दुकान बंद झाल्यावर भेटा."

आता गजर नाही. पहाटेची झोप चालूच आहे. मधे शिंपीणबाई रस्त्यात भेटल्या. "सातवं," एवढंच म्हणाल्या आणि हसल्या. मी मान डोलावली. खोटीच डोलावली. त्या दिवसापासून मी दुसऱ्या रस्त्याने घरी येतो.

मार्चच्या पहिल्या रविवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. वही परत देऊन टाकावी म्हणतो.

तुझा,
धाकटा


सोमवार, ५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

कान भरून येईल. वही परत दिलीस तर ते भरून यायचं नाही.

एवढ्या तेवढ्याला हात टेकायचे? पहाटे साडेपाचला झोप येते तर पाचला उठ, थंड पाण्याने तोंड धू. मन भटकतं तर पुन्हा आण. शब्द सुचत नसतील तर गप्प बसून राहा. पाऊण तास बसलं तरी काहीच येत नाही, समोरच्या भिंतीचे पोपडे मोजून होतात, तरी बसायचं. असं होतं कधीकधी लोकांना.

तू विचारशील म्हणून सांगते, वसतिगृहात असताना माझंही तुझ्यासारखंच होतं. एका हाताने वाढायचं, दुसऱ्याने झाकण सावरायचं, आणि मनात देवाकडे आपली काहीतरी बडबड. ती काही प्रार्थना नव्हे. प्रार्थनेला निवांतपणा लागतो. तो मला आता मिळालाय.

मुख्याध्यापकांचा कान कसा आहे? ते पुन्हा आले का? पोरं चिडवतात का त्यांना? सविस्तर लिही.

तुझी,
ताई


बुधवार, २१ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सलाम.

तुझं ऐकलं नाही. रविवारी उपासनेच्या आधी पाळकसाहेबांच्या कचेरीच्या खिडकीतून वही आत सरकवली, सोबत चिठ्ठी, 'मला जमत नाही, क्षमा करा.' समोरासमोर सांगायची हिंमत नव्हती. मागच्या बाकावर बसलो आणि शेवटचं गीत चालू असतानाच सटकलो.

सोमवारी सुट्टी. मंगळवारी सकाळी भागीदाराने नेहमीप्रमाणे, आज कोण कोण येणार आहे ते बघायला दुकानाची वही उघडली. मग वाचायला लागला, "'गुडघेदुखी, दोन्ही पाय.' 'सून माहेरी गेली ती आली नाही.' 'शस्त्रक्रिया, शुक्रवारी.' भाऊ, आपल्या गिऱ्हाइकांना एकाएकी झालंय तरी काय?"

मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली. तुझी भावजय घरातल्या प्रत्येक वहीला तोच खाकी कागद घालते. पोरांच्या शाळेचा उरला होता तो. मी चर्चची वही दुकानात ठेवली होती आणि दुकानाची वही पाळकसाहेबांना देऊन आलो होतो.

ती वही कुणी वाचावी अशी नाही, ताई. त्यात वेळा असतात, पण मी शेजारी आणखीही काही लिहितो. गिऱ्हाईक बोलता बोलता काही सांगून जातं. महिन्याने परत आलं की विचारायला नको? म्हणून आपलं लिहून ठेवायचं. आपल्या माणसासारखं वाटतं त्यांना, आणि धंद्यालाही बरं.

मी वही आणायला निघणार तेवढ्यात पाळकसाहेबच दारात. खाकी वही काखेत. सरळ माझ्या खुर्चीत बसले.

"साहेब, चूक झाली, ती वही..."

"आधी केस कापा. मागून जरा कमी."

कापड बांधलं, कात्री घेतली. त्यांनी मांडीवर वही उघडली. "पहिलं पान वाचलं तेव्हाच कळलं की ही वही वेगळी आहे. तिथेच मिटायला हवी होती. मिटली नाही, त्याबद्दल माफी मागतो. आता मला हे सांगा. 'डाव्या कानामागे गाठ, डॉक्टरला दाखवायला सांगणे.' पुढच्या महिन्यात त्याच नावापुढे, 'दाखवली, साधी निघाली, देवाचे आभार.' हे आभार कुणी मानले?"

"मीच. हाताला सवय असते लिहायची."

"आणि मधला महिना?"

"मधला काय? तो खुर्चीत होता तेव्हा माझा हात त्याच्या डोक्यावर होता. मनात म्हटलं, देवा, ह्याचं तेवढं बघ. पुढे अधूनमधून आठवण आली की पुन्हा म्हटलं."

"डोळे मिटून?"

"छे! हातात कात्री होती."

पाळकसाहेब इतके हसले की मला कात्री लांब धरावी लागली. मग म्हणाले, "दिवसाला डोकी किती होतात?"

"पंधरा, सोळा."

"मी पाळक आहे. माझ्या हाताखाली महिन्यातून एखादं डोकं येतं, तेही कुणी वाकलं तर." जाताना म्हणाले, "वही आज परत घेणार नाही. चार मार्चला घेईन किंवा देईन. तुम्ही ठरवा."

भागीदार आरशातून सगळं ऐकत होता. ते गेल्यावर म्हणाला, "भाऊ, तुमच्या पाळकांनी टीप चांगली दिली." पैसे काही ठेवले नव्हते, हे त्यानेही पाहिलं होतं.

पण ताई, हा त्यांचा मोठेपणा. मला काही पटलेलं नाही. केस कापता कापता मनात एक वाक्य बोलणं ही गप्पाटप्पांतली गोष्ट झाली. प्रार्थना ती तुझी. गुडघ्यांवरची, सहा वेळांची. जे तू स्वतः प्रार्थना धरत नाहीस ते मी शिंपीणबाईंना कसं देऊ? चारला वही परत देणार. आता निदान हातात देऊन, खिडकीतून नाही.

(मुख्याध्यापक आले होते. कान बरा आहे. पोरं चिडवत नाहीत, एकाने त्यांना वर्गवर्गणीतून पट्टी आणून दिली म्हणे.)

तुझा,
धाकटा


रविवार, २५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

हे पत्र मी तीनदा फाडलंय, म्हणून आता शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहितेय. पेन्सिलीने खरं बोलायला सोपं जातं.

भिंतीवरचं वेळापत्रक मी वसतिगृहात असताना कधीच पाळलं नाही. ते इथे आल्यावर लिहिलं. तिथे एकवीस वर्षं मला वाटायचं, एकदा ही भांडी सुटली की मी खरीखुरी प्रार्थना करीन. एकशे वीस मुली होत्या. एकेक ताट पुढे यायचं. डाव रिकामा करता करता मान वर करून बघायचं. ही तापातून उठलीय. हिला घरून पत्र नाही. ही आज पण रडून आलीय. डाव खाली गेला की मनातून एक शब्द वर जायचा. की लगेच पुढचं ताट. मला लाज वाटायची की देवाला मी ताटामागे एक शब्द देते, तोही घाईत.

आता आठ महिने मी वेळेवर गुडघे टेकतेय. दिवसातून सहा वेळा. पहिला महिना शब्द होते. मग ते संपले. आता मी बसते, घड्याळ ऐकते आणि उठते. खाली खाणावळीच्या स्वयंपाकघरात भांडी वाजतात, तर खिडकी लावून घेते, निवांतपणा मोडतो म्हणून. भिंतीचे पोपडे 'लोकांनी' मोजले नाहीत, धाकट्या. मी मोजलेत. एकेचाळीस आहेत.

तुला ते वेळापत्रक पाठवलं, कारण तुला जमलं असतं तर निदान एवढं तरी ठरलं असतं की वेळापत्रक बरोबर आहे आणि दोष माझ्यात आहे. बघ, बहीण कसली निघाली.

पण एक ऐक. तुझं कानाचं पत्र आलं त्या दिवशी मी जिना चढत होते. दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबले, आणि एकाएकी तोंडून निघालं, 'देवा, त्या मुख्याध्यापकांचा कान.' कितीतरी महिन्यांतला पहिला शब्द. मी तिथे जिन्यावर उभी राहून हसले. पण तुला लिहिलं नाही, कारण ते जिन्यावर झालं, गुडघ्यांवर नाही. म्हणून मी ते धरलंच नाही.

पाळकसाहेबांचं तुला पटत नाही, माझं पटेल. गुडघ्यांवरची ताई नावाची कुणी बाई नाही. तुला वही परत द्यायची तर दे, मी काही म्हणणार नाही. पण देण्याआधी तीत एक नाव वाढव. पस्तिसावं. माझं.

काय हवंय ते लिहू नकोस. नुसतं नाव.

ताई


सोमवार, ५ मार्च

प्रिय ताईस,
सलाम.

तुझं पत्र गुरुवारी दुकानाच्या पत्त्यावर आलं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. त्याला "आलोच" म्हणालो आणि पडद्यामागे गेलो. भागीदार ओरडला, "भाऊ, पुन्हा?" पण मी गुडघे टेकले नव्हते. उभ्या उभ्या वहीत तुझं नाव लिहीत होतो.

लिहिलं आणि मग लक्षात आलं, आता ही वही द्यायची कुणाला? ज्याने तुला कधी पाहिलं नाही अशा माणसाने तुझं नाव घ्यायचं? मला ते सहन होईना. मग वाटलं, शिंपीणबाईंना काय वाटलं असेल.

काल पाळकसाहेबांनी वही हातात धरली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. चपला बघितल्या नाहीत. म्हणालो, "मला तासभर बसता येत नाही. बसलो की झोपतो, हे घरी विचारा." तुझी भावजय बायकांच्या बाकावरून म्हणाली, "खरंय." म्हणालो, "मी कामावर करीन. सकाळी वही उघडायची. पहिलं गिऱ्हाईक, पहिलं नाव. दुसरं गिऱ्हाईक, दुसरं नाव. जितका वेळ कात्री चालेल तितका वेळ ते नाव माझ्याजवळ. डोळे उघडे. हे तुम्हाला चालत असेल तर वही ठेवतो."

मग शिंपीणबाई उठल्या. "सातवं गिऱ्हाईक कोण असतं?"

"उद्या सुट्टी. मंगळवारी मुख्याध्यापक आहेत."

"त्यांचे केस दाट आहेत," त्या म्हणाल्या. "घाई करू नका."

सगळी मंडळी हसली, पोस्टमनकाकाही. ते शेवटचे म्हणून आले होते. वही त्यांनीच माझ्या हातात दिली.

आता अडचण. नावं पस्तीस, डोकी सोळा. उरतात एकोणीस. ती एका कागदावर उतरवून सोबत पाठवतोय. ती तुझी. ज्यांची आहेत त्यांना विचारलंय, सगळे 'हो' म्हणाले. तुझं नाव माझ्या सोळांत आहे, त्यावर तुझा हक्क नाही.

यांच्यासाठी खबरदार गुडघे टेकलेस तर. पुठ्ठा भिंतीवरून काढ. खाली खाणावळ आहे म्हणतेस. जा आणि विचार.

तुझा,
धाकटा


मंगळवार, १३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू मला दम देण्याइतका मोठा झालास, हे बघून बरं वाटलं.

कागद दोन दिवस टेबलावर होता. काल सकाळी नऊला, गुडघे टेकायच्या वेळेला, तो घेऊन खाली गेले. खाणावळीचा आचारी धिप्पाड माणूस, हातावर भाजल्याचे डाग. "मावशी, जेवण बाराला. बसा."

म्हटलं, "बसूनच आठ महिने झाले. सुरी कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. हात ओळखले असावेत. बटाट्यांची टोपली पुढे सरकवली.

कागद पाण्याच्या पिंपाला टेकवून उभा केला. एक बटाटा, एक नाव. पहिल्या तिघांना काही सुचेना, नुसतं नाव घेतलं आणि साल काढली. चौथं नाव तुमच्या त्या सून माहेरी गेलेल्या बाईंचं. बटाट्याला खोल डोळा होता, टोकाने उकरून काढावा लागला, आणि तेवढ्या वेळात मी देवाला त्या सुनेबद्दल इतकं काही सांगितलं की माझं मलाच नवल वाटलं. मी तर तिला ओळखतही नाही.

आचारी म्हणाला, "मावशी, काय पुटपुटताय?"

"नावं घेतेय."

"कुणाची?"

"ज्यांना गरज आहे त्यांची."

त्याने फोडणी ढवळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "माझ्या भावाचं घ्या एक. कुठे आहे ते माहीत नाही."

विसावा बटाटा त्याच्या भावाचा. मग आचाऱ्याचा. मग तुझा, भावजयीचा, तुझ्या भागीदाराचा, मुख्याध्यापकांचा, पोस्टमनकाकांचा. तरी टोपली अर्धीसुद्धा झाली नव्हती. मला रोज यायला सांगितलंय.

तेव्हा वहीत नवीन नावं आली की उलट टपाली पाठव. रडण्याजोगी असतील तर तीही चालतील. शनिवारी कांदे आहेत.

तुझी,
ताई